मडक्यातले अकरा जीव

"भाऊ, तुमचं मडकं बोलून राहिलं ना!"

एसटीनं मनसर सोडलं होतं. मागच्या बाकावरून अनंत ओरडला आणि कवडू गजभियेच्या पाचावर धारण बसली. मांडीवर कॅनव्हासची पिशवी, पिशवीत रुंद तोंडाचं मातीचं मडकं, मडक्याच्या तोंडाला ओलं फडकं घट्ट बांधलेलं. त्या फडक्याखालून आताच 'गुर्रक' असा आवाज आला होता. आवाज कसला, ते एसटीतल्या पंचवीस माणसांत एकट्या कवडूला ठाऊक होतं.

त्यानं आधी खोकून घेतलं. मग पोटावर हात फिरवत म्हणाला, "मडकं काय बोलते गा? माहं पोट बोलून राहिलं. पहाटेपासून नुसत्या चहावर आहे."

सगळी पोट्टी हसली. पुढच्या बाकावरून सुमती मॅडमनी वळून चष्म्यातून पाहिलं आणि पुन्हा समोर तोंड केलं. अकरा जीव मडक्यात होते आणि बारावा, कवडूचा, टांगणीला.

कवडू नागपुरातल्या एका सायन्स कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचा लॅब अटेंडंट. चोपन्न साली लागला. आता त्र्याऐंशीचा मे चाललेला, आणि महिनाअखेरीला तो निवृत्त होणार होता. एकोणतीस वर्षं त्यानं काचेच्या बाटल्या पुसल्या, सांगाडे झटकले, कपाटातल्या पेंढा भरलेल्या मोराची पिसं सारखी केली. आणि बेडूक मारले. हो, ते त्याचं मुख्य काम. सकाळी नवाच्या आत सिमेंटच्या टाक्यातून बेडूक काढायचे, झाकणाच्या बरणीत टाकायचे, क्लोरोफॉर्मचा बोळा सोडायचा आणि निपचित झालेले एकेक करून पोरांच्या ट्रेमध्ये ठेवायचे. चिरायचं काम पोरांचं, मारायचं याचं.

आता यात काय मोठं, कोणीतरी करणारच, असं तुम्ही म्हणाल. कवडूनंही मनाला तेच सांगून पाहिलं होतं. पण छप्पन साली इंदोऱ्याच्या आपल्या अख्ख्या मोहल्ल्याबरोबर त्यानं दीक्षा घेतली होती. तेव्हापासून रोज पहाटे न चुकता तो बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून पंचशील म्हणायचा. पाचांतलं पहिलंच शील जीव घेण्यापासून दूर राहायचं. पहाटे साडेपाचला म्हणायचं आणि साडेआठला मोडायचं, असा हा सत्तावीस वर्षांचा नेम. एकदा विहारात भन्तेजींना त्यानं आडून आडून विचारलंही होतं. ते म्हणाले, मनात काय आहे ते पाहा. कवडूनं पाहिलं. मनात बेडूकच होते.

एप्रिलच्या प्रॅक्टिकल परीक्षेला पन्नास बेडूक मागवलेले. अकरा पोट्टे परीक्षेला आलेच नाहीत, म्हणून अकरा बेडूक उरले. त्या अकरा आळशांच्या हातून आयुष्यात घडलेलं तेवढंच काय ते पुण्य. मग विभागप्रमुखांची, म्हणजे सुमती घटाटे मॅडमची चिठ्ठी आली: उरलेले बेडूक फॉर्मलिनमध्ये घालून बाटल्या भरून ठेवाव्यात. चिठ्ठी कवडूच्या शर्टाच्या खिशात महिनाभर होती. रोज तो टाक्याशी जायचा, बेडकांना झुरळं-नाकतोडे घालायचा, आणि चिठ्ठी परत खिशात ठेवायचा.

अशात मॅडम एक दिवस आपण होऊन म्हणाल्या, "भाऊ, एवढी वर्षं सहलीचं सामान तुम्ही बांधलंत आणि मागं राहिलात तुम्हीच. या वेळी तुम्हीही चला."

मागं राहायचं कारण तेच: टाक्यातल्या बेडकांना खाऊ कोण घालणार? मॅडमची सहल भर मे महिन्यात असायची. सगळं कॉलेज त्यांना हसायचं. नागपूरच्या मे महिन्यात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही, आणि पडलाच तर खिशात कांदा घेऊन. पण मॅडमचं म्हणणं, पाणी आटतं तेव्हाच प्राणी पाण्यापाशी दिसतात. देवलापारच्या पुढं, डोंगरातल्या आंबाडोह गावाच्या वर दोन तळी होती. खालचा तलाव मोठा, आणि वर डोंगराच्या कुशीत एक लहान बोडी. तिथं पायी जायचं आणि संध्याकाळी परतायचं.

डोंगरातलं तळं म्हटल्याबरोबर कवडूच्या डोक्यात उजेड पडला. गावातल्या तेलंगखेडीच्या तळ्यात सोडून उपयोग नव्हता. जूनमध्ये तोच बेडूकवाला तेच बेडूक धरून पुन्हा कॉलेजात आणून घालणार. पण डोंगरात कोण जातंय धरायला?

सहलीच्या दिवशी पहाटे त्याची बायको इंदूबाई कूलरच्या जुन्या ताटीतला वाळा उपसून भिजवत बसली होती. मडक्यात वाळ्याचे थर लावताना तोंडाचा पट्टाही चालूच. "लोक सहलीले चिवडा नेते, तुमी बेडकं न्या. अन् मॅडमनं पाह्यलं तं?"

"नाही पाहात."

"पेन्शनीचे कागद त्याह्यच्याच हातात हायेत, हे तरी ध्यानात हाये ना?"

"हाये वं."

"मंग हाये तं जा," म्हणून तिनं स्वतःच फडकं बांधलं, आणि गाठ नीट बसली की नाही ते दोनदा ओढून पाहिलं.

आंबाडोहला उतरले तेव्हा आठ वाजत आले होते आणि ऊन आत्तापासूनच दात दाखवत होतं. वाट दाखवायला गावचा पाटकरी आला होता, चंपतराव. तलावाचं पाणी शेतांना सोडायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरात. काटकुळा, काळा, डोक्याला पंचा. कवडूची पिशवी पाहून तो म्हणाला, "बुढेबाबा, द्या माह्याजवळ."

"राहू द्या गा. सवय आहे."

तेंदूपत्त्याची पुडकी घेऊन बायका समोरून उतरत होत्या. वाटेवर मोहाच्या बोंडांचा उग्र वास होता. एका मोहाच्या खोडावर नखांचे लांब ओरखडे दिसले. "अस्वल," चंपतराव म्हणाला, "रातीच आलं होतं," आणि पोरींचा घोळका एकदम मॅडमच्या जवळ सरकला. पुढं वानरं खाकरली. चंपतरावानं हात वर केला. ओढ्याच्या डबक्यावर चितळांचा कळप पाणी पीत होता. मोठी-लहान धरून सतरा-अठरा तरी असतील.

"कवडूभाऊ, बोला!" अनंत कुजबुजला. परीक्षेत पोरं अडली की कवडूच त्यांना खुणेनं प्राणी सांगायचा, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं, म्हणजे मॅडम सोडून.

"कपाट तिसरं, कवटी नंबर एकशेबारा," कवडू हळूच म्हणाला. "वरच्या जबड्यात समोरचे दात नाही." पण एवढं बोलून तो बघतच राहिला. एकशेबारा नंबरची कवटी त्यानं हजार वेळा पुसली असेल. तिला ओलं काळं नाक असतं, कान हलतात, पाणी पिताना ती मधेच मान वर करून पिलाकडं पाहते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बाप्पा, काय देखणं जनावर! एकोणतीस वर्षं आपण नुसती भांडी घासली अन् जेवण आज पाहिलं, असं त्याला वाटलं.

खालचा तलाव आला. तलाव कसला, भेगाळलेल्या चिखलाचं मैदान आणि मधोमध गुडघाभर पाणी. त्या पाण्याभोवती मात्र बगळे, चमच्यासारख्या चोचीचे चमचे, करकोचे यांची जत्रा. पोरं दुर्बिणीवर तुटून पडली. कवडू बाजूला पळसाच्या सावलीत बसला आणि फडकं किलकिलं करून त्यानं आत हात घातला. वाळा कोमट झाला होता. दहा बेडूक हलले. अकरावा, सगळ्यात मोठा, हलला नाही. त्यानं आपली पाण्याची बाटली उघडली आणि अर्धी मडक्यात ओतली.

"चंपतराव, या पाण्यात बेडूक राहते का जी?"

चंपतराव हसला. "राहते ना, बगळ्याच्या पोटात. अन् हे पाणीबी पंधरा दिवसांचं. वरच्या बोडीले झरा हाये, तिचं पाणी माह्या बापानंबी आटलेलं पाह्यलं नाही."

म्हणजे वर जायलाच हवं होतं. आणि नेमकं त्याच वेळी मॅडम म्हणाल्या, "गजभियेभाऊ, पुढं खडा चढ आहे. ऊनही वाढलंय. तुम्ही इथं सावलीत बसा, आम्ही दोन तासांत येतो."

बावीस वर्षांत कवडूनं मॅडमना 'नाही' म्हटलं नव्हतं. "नाही जी. मी येतो."

"हट्ट कशाला?"

"येतो जी मी."

मॅडमनी खांदे उडवले आणि त्या पुढं निघाल्या.

चढ खरंच खडा होता. उन्हानं दगड तापलेले, करवंदीच्या जाळ्या पायांना ओढत होत्या. एक घोरपड कपारीतून जीभ काढून पाहत राहिली; तिच्याकडं बघायलाही कवडूला दम उरला नव्हता. दर वळणावर तो मागं राही, बाटलीतलं थोडं पाणी मडक्यात ओती आणि निघे. तिसऱ्या वळणावर बाटली रिकामी झाली. तो ती उलटी करून झटकत होता, तेवढ्यात समोर गोपिका उभी. भिवापूरकडची, शेतकऱ्याची पोरगी, अबोल. पहिल्या वर्षी बेडकाला हात लावायच्या आधीच रडायला लागलेली. कवडूनंच तेव्हा मॅडमची पाठ वळलेली पाहून तिच्या बेडकाला पहिली चीर देऊन दिली होती.

तिनं किलकिल्या फडक्याखाली मडक्यात पाहिलं, रिकाम्या बाटलीकडं पाहिलं. आपली बाटली त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "पहिले तुम्ही प्या भाऊ. मंग त्याह्यले."

कवडू एक घोट प्यायला. बाकीचं मडक्यात गेलं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. कुसुमाच्या झाडाखाली सगळे दम खायला बसले. कवडूनं मडकं उतरवून डोळे मिटले, आणि अनंताला तहान लागली. "भाऊनं मडकं डोंगरावर वाह्यलं अन् आपण कोमट पाणी काहून पिऊन राहिलो बे?" असं म्हणत त्यानं फडक्याची गाठ सोडली, आत ग्लास घातला, आणि टाहो फोडला. एक हातभर बेडूक त्याच्या छातीवर, तिथून गोपिकेच्या ओढणीवर, तिथून मॅडमच्या पायापाशी. मॅडम मात्र प्राणिशास्त्राच्या डॉक्टर. त्यांनी वाकून तो डाव्या हातात अचूक पकडला, मागचे पाय बोटांत, अंगठा मानेवर.

बेडूक तसाच धरून त्या कवडूकडं वळल्या.

"गजभिये, हे काय आहे?"

'भाऊ' गळून पडलेलं कवडूला ऐकू आलं. तो उठून उभा राहिला. जरा झोकांडला, झाडाला धरलं. "परीक्षेचे अकरा बेडूक आहेत जी."

"मी चिठ्ठी दिली होती तुम्हाला."

कवडूनं खिशातून चिठ्ठी काढली. घामानं ओली झाली होती. "होय जी. हे पाहा. मी नाही ऐकलं."

"का?"

आणि मग जे सत्तावीस वर्षं बाहेर आलं नव्हतं ते त्या झाडाखाली, बारा पोरांच्या समोर, एकदाच बाहेर आलं. "मॅडम, छप्पन साली मी दीक्षा घेतली. पहिलंच शील, जीव घ्यायचा नाही. घरी म्हणतो अन् कॉलेजात मोडतो. तक्रार नाही जी माही. त्याच पगारावर माही पोरगी नर्स झाली, पोरगा रेल्वेत लागला. तुमच्या हातचे पोट्टे डाक्टर झाले, लोकाह्यचे जीव वाचवून राहिले. बेडकाइतके उपकार माह्यावर कोणाचे नाही. बरणीवर झाकण ठेवतांना दरवेळी मी त्याह्यले मनात म्हणत होतो, माफ करा. पोट्ट्यांले वाटे, भाऊ गिनती करते." तो थांबला, तोंड पुसलं. "हे अकरा वाचले. नोकरीच्या शेवटाले एकदा तरी ह्या हातानं जित्ते सोडावं, एवढंच होतं. तुमचा हुकूम मोडला. जे करायचं असंल ते करा."

अनंत खाली मान घालून ग्लासाशी चाळा करत होता. मॅडम हातातल्या बेडकाकडं पाहत राहिल्या.

"आणि तुमचं पाणी कुठंय?" त्यांनी विचारलं.

कवडूनं मडक्याकडं बोट दाखवलं.

"शाबास!" मॅडम कडाडल्या. "अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, डोक्यावर त्रेचाळीस डिग्री, आणि पिण्याचं पाणी बेडकांना! ऊन लागून पडला असतात तर इंदूबाईंना मी काय तोंड दाखवलं असतं? अनंत, माझा थर्मास आण. आधी हे पितील. मग उरलेलं मडक्यात ओत. सगळ्यांनी आपापल्या बाटल्या काढा." मग आवाज खाली आला. "बेडूक असा धरायला यांनीच शिकवलं मला. नोकरीतल्या पहिल्या दिवशी माझे हात कापत होते. मी कधी विचारलं नाही हो, तुमचे कापतात का म्हणून." त्यांनी बेडूक मडक्यात सोडला आणि फडकं स्वतः बांधलं. "चंपतराव, किती राहिलं?"

"हा काय, माथ्यावर जी."

पुढचा चढ मडकं पोरांनी वाहिलं, आळीपाळीनं. अनंतानं तर लग्नातल्या कलशासारखं दोन्ही हातांनी धरलं होतं.

वरची बोडी म्हणजे तीन बाजूंनी डोंगर आणि मधे हिरवंगार, गार, तुडुंब नसलं तरी खोल पाणी. काठाला कमळाची पानं. पलीकडच्या काठावर एक मोर लांब मान करून पाणी पीत होता, आणि उंबरावरून धनेश ओरडत उडाले. कवडूनं चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो पाण्यात उतरला. मडक्यात हात घातला. हाताची सवय जबर. बोटांनी आपोआप मागचे पाय धरले, अंगठा मानेवर गेला. बेडूक त्या पकडीत थिजला. कवडूनं मोठ्या कष्टानं एकेक बोट उलगडलं.

बेडूक तळहातावर बसून राहिला. दीड महिना सिमेंटच्या टाक्यात राहिलेला जीव, त्याला काय कळावं? मग एकदम उडाला. डुबुक! पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा कमळाच्या पानावर चढून बसला, आणि काठाच्या गवतातून ढोकरीनं झडप घालून त्याला चोचीत उचललं. पोरी किंचाळल्या. अनंतानं दगड उचलला.

"राहू दे, राहू दे!" कवडू ओरडला. आणि काय आश्चर्य, तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसत होता. "तिच्या पोटाचं होतं, तिनं घेतलं. माह्या हातानं तं नाही गेला ना बाप्पा तो!"

दहा सोडून झाले. मडक्याच्या तळाशी अकरावा राहिला, तो सगळ्यात मोठा, सकाळपासून न हललेला. कवडूनं त्याला ओंजळीत घेतलं. पाय लोंबत होते. तो काठच्या दगडावर बसला आणि त्यानं ओंजळ पाण्यात अर्धी बुडवून धरली.

"गेला वाटते," अनंत हळू म्हणाला.

बेडूक कधी जातो, हे त्याच्याइतकं साऱ्या विद्यापीठात कोणाला कळत नसेल. बरणीच्या काचेतून तो गळ्याच्या कातडीवर नजर ठेवायचा. तिथं एक बारीक थरथर असते. ती थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही, हा त्याचा नियम, कारण अर्धमेला बेडूक सुरीखाली जागा झालेला त्याला बघवत नसे. हजारो वेळा त्यानं ती थरथर थांबायची वाट पाहिली होती. आज तो उलटी वाट पाहत होता.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. चंपतराव म्हणाला, "शेवटची गाडी पाचाची हाये जी." मॅडमनी नुसता हात केला. त्या दगडावर येऊन बसल्या, चपला काढून त्यांनीही पाय पाण्यात सोडले. मग गोपिका बसली, मग एकेक करून सगळेच. पाणी फार गार होतं.

कवडू एकदम पुढं वाकला.

"काय झालं भाऊ?" मॅडमनी विचारलं.

"चालू झालं," तो म्हणाला. एवढंच.

गळ्याखालची कातडी एकदा थरथरली, थांबली, पुन्हा थरथरली. मग थरथर लागून राहिली. बराच वेळ बेडूक तसाच ओंजळीत बसला, जणू कवडूला पोटभर बघू देत होता. मग त्यानं मागचे पाय जुळवले, आणि ओंजळ हलकी झाली.

कवडू पाण्याकडं पाहत राहिला. "लय उपकार झाले," तो म्हणाला.

उठायची वेळ झाली तेव्हा कवडू अर्धा उठला. तो पुन्हा दगडावर बसला. मॅडम उठल्या आणि त्यांनी हात पुढं केला. कवडूनं आपल्या हाताकडं पाहिलं. त्याला शेवाळ लागलं होतं, बेडकाचा बुळबुळीत ओलावा होता. तो घाईघाईनं पँटीला पुसायला लागला, आधी तळवा, मग बोटं, मग पुन्हा तळवा.

"राहू द्या हो, भाऊ," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी तो ओलाच धरला.